‘लोक’ म्हणजे कोण? : फ्रेंच इतिहासांत व वाङ्मयांत

१७८९ च्या जून महिन्यांत व्हर्सायच्या सभागृहांत एका शब्दावरून वाद माजला. सामान्य वर्गाचे प्रतिनिधि आपल्या सभेसाठीं नांव शोधीत होते. मिराबोनें सुचविलें कीं, आपण स्वतःस ‘फ्रेंच लोकांचे प्रतिनिधि’ म्हणवून घ्यावें. सूचना साधी होती. पण सभेंत वकिलांचा भरणा मोठा, आणि शब्दांतली खोंच वकिलाच्या जितकी लवकर ध्यानांत येते तितकी इतरांच्या येत नाहीं. त्यांनीं विचारलें, ‘लोक’ म्हणजे कोणते? प्राचीन रोमन ज्याला ‘पॉप्युलुस’ म्हणत तें सारें राष्ट्र, कीं ज्याला ‘प्लेब्स’ म्हणत ती खालच्या थरांतील गरीब प्रजा? पहिला अर्थ सभेच्या अधिकारापेक्षां मोठा होता, दुसरा तिच्या प्रतिष्ठेपेक्षां लहान. मिराबोची सूचना मागें पडली आणि १७ जून रोजीं सभेनें ‘राष्ट्रीय सभा’ हें नांव धारण केलें.

वाद मिटला, पण प्रश्न मिटला नाहीं. फ्रेंच भाषेंतील ‘पेप्ल’ ह्या शब्दाला हे दोन्ही अर्थ कायमचे चिकटून आहेत. मराठींतील ‘लोक’ हा शब्द त्या मानानें सौम्य. लोकमान्य म्हटलें काय, लोकगीत म्हटलें काय, त्यांतून श्रीमंत कोण आणि गरीब कोण ही विभागणी ऐकूं येत नाहीं. फ्रेंच शब्दांत ती ऐकूं येते. सत्ता ज्याच्या नांवानें चालवावयाची तेंही ‘पेप्ल’, आणि ज्याच्या हातांत सत्ता जाईल म्हणून भ्यावयाचें तेंही ‘पेप्ल’च. पुढच्या शंभर वर्षांतील फ्रेंच इतिहासकार व कादंबरीकार ह्यांचें निम्मेंअधिक लेखन ह्या एका शब्दाभोंवतीं फिरत राहिलें.

क्रांतीपूर्वीच्या वाङ्मयांत गरीब लोक क्वचितच दिसतात, आणि दिसले तर दुरून. ला ब्रुयेर ह्या सतराव्या शतकांतील निबंधकारानें स्वभावचित्रांचा एक ग्रंथ लिहिला. तो १६८८ सालीं प्रथम निघाला. त्याच्या नंतरच्या एका आवृत्तींत शेतकऱ्यांवर एक छोटा परिच्छेद आहे. शेतांत पसरलेलीं, उन्हानें रापलेलीं कांहीं रानटी जनावरें प्रवाशाला दिसतात. तीं उभीं राहिलीं कीं त्यांना माणसाचा चेहरा असल्याचें आढळतें आणि तीं खरोखर माणसेंच असतात, असें त्यानें वर्णन केलें आहे. परिच्छेदाच्या शेवटीं तो म्हणतो कीं, इतरांचे पेरणी-कापणीचे कष्ट हीं माणसें वांचवितात. तेव्हां त्यांनीं स्वतः पेरलेल्या धान्याचा पाव तरी त्यांना मिळावयास हवा. चौदाव्या लुईच्या वैभवाच्या काळांत एवढें लिहिणें ही लहान गोष्ट नव्हे. तथापि त्या जनावरांना स्वतःला काय म्हणावयाचें आहे, हें विचारण्याची कल्पना ला ब्रुयेरला सुचली नाहीं.

तें प्रथम विचारलें गेलें १७८९ च्या वसंतांत. राजानें जुनी प्रतिनिधिसभा बोलाविली, तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं आपलीं गाऱ्हाणीं लेखी द्यावींत असा हुकूम सुटला. हजारों वह्या भरल्या. मिठावरचा कर, सरदारांच्या कबुतरांनीं खाल्लेलें पीक, शिकारीचे हक्क, चर्चचा दशमांश असल्या गोष्टी त्यांत आहेत. पुष्कळ ठिकाणीं लेखणी गांवच्या वकिलाच्या किंवा पाद्र्याच्या हातांत होती, हें भाषेवरून ओळखूं येतें. पण कबुतरांची तक्रार वकिलाची नसते.

त्या वर्षीं गाऱ्हाण्यांपेक्षां भूक पुढें धांवत होती. १३ जुलै १७८८ रोजीं फ्रान्सच्या मोठ्या भागांत प्रचंड गारपीट झाली, पीक बुडालें, आणि त्यामागून आलेल्या हिंवाळ्यांत सेन नदी गोठली. पॅरिसमध्यें चार पौंडी पावाला एरवीं आठनऊ सू पडत. १७८९ च्या फेब्रुवारींत तो साडेचौदा सूंवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू. ज्याच्या घरीं दिवसाला एक-दोन पाव लागतात त्यानें घरभाडें, सर्पण आणि कपडा कशांतून भागवावा, हा हिशेब करण्यास अर्थशास्त्री लागत नाहीं. बास्तीयवरचा हल्ला स्वातंत्र्यासाठीं झाला हें खरेंच आहे; पण हल्ला करणारांच्या घरांतील चुलीचीही आठवण ठेवणें इष्ट. किल्ल्यांत त्या दिवशीं अवघे सात कैदी होते. ‘बास्तीयचे विजेते’ म्हणून पुढें साडेनऊशेंच्या सुमारास लोकांना सरकारी मान मिळाला. त्यांत बहुसंख्य सुतार, मेज-खुर्च्या घडविणारे, कुलपें करणारे, चांभार, छोटे दुकानदार. एक धोबीणही त्या यादींत आहे.

पाव मिळत नसेल तर केक खावा, हें वाक्य मारी आंत्वानेतच्या नांवावर आजही खपतें. वस्तुतः ह्या गोष्टीचा मूळ उल्लेख रूसोच्या आत्मचरित्रांत, एका अनामिक राजकन्येसंबंधीं आहे. तो मजकूर लिहिला गेला तेव्हां मारी आंत्वानेत व्हिएन्नांत वाढणारी लहान मुलगी होती. राणीवर अन्याय झाला एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. पावाची टंचाई मात्र कोणाची कल्पना नव्हती. ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं बाजारांतील हजारों स्त्रिया पावसांतून सुमारें बारा मैल चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं राजाला, राणीला व राजपुत्राला घेऊन परतल्या. पाव भाजणारा, त्याची बायको आणि पोर आतां आपल्याजवळ आलीं, अशा आरोळ्या वाटेनें चालल्या होत्या. मिरवणुकीच्या अग्रभागीं राजवाड्यावरील दोन पहारेकऱ्यांचीं मस्तकें भाल्यांवर टोंचलेलीं होतीं. आनंद आणि क्रौर्य ह्यांची ही सरमिसळ पाहिल्याखेरीज ‘लोक’ ह्या शब्दाची भीति समजत नाहीं.

आणि ज्या सभेनें लोकांच्या नांवानें मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तिनेंच त्या वर्षाच्या अखेरीस नागरिकांचे ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ असे दोन वर्ग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर जो भरूं शकत नाहीं, त्याला मत नाहीं. स्त्रियांना तर नाहींच. फ्रान्समध्यें त्यांना तो हक्क १९४४ सालीं मिळाला. १४ जून १७९१ चा ल शापलिये ह्याचा कायदा तर अधिक बोलका आहे. कामगारांनीं मजुरीसाठीं संघटित होणें हा त्यानें गुन्हा ठरविला, आणि तोही स्वातंत्र्याच्या नांवानें. संप करणें १८६४ पर्यंत बेकायदा राहिलें. कामगारसंघांना पुरती मान्यता मिळण्यास १८८४ साल उजाडलें. म्हणजे ज्यांनीं बास्तीय पाडली त्यांच्या पणतवंडांना एकत्र बसून मजुरीचा दर ठरविण्याची मोकळीक मिळाली.

उलट, १७९३ च्या मार्चांत व्हांदे प्रांतांतील शेतकरी क्रांतीविरुद्धच उठले. सैन्यासाठीं तीन लाख माणसें मागितली गेलीं, आणि त्यांचे पाद्री आधींच हांकलले गेले होते. हेही लोकच होते, अनवाणी आणि गरीब. प्रजासत्ताकाच्या सैन्यानें त्यांचीं गांवें जाळलीं. लोकांच्या राज्याविरुद्ध लोकांनीं बंड केल्यास त्याला काय म्हणावें, ह्याचें सरळ उत्तर कोणत्याही पक्षाजवळ नव्हतें.

ह्या साऱ्या गुंतागुंतींतून ‘लोक’ हाच इतिहासाचा नायक, असें छातीठोकपणें म्हणणारा पहिला मोठा इतिहासकार झ्यूल मिशले. त्याचा जन्म १७९८ सालीं पॅरिसमध्यें एका गरीब मुद्रकाच्या घरीं झाला. पोरवयांत त्यानें बापाच्या छापखान्यांत खिळे जुळविले. नेपोलियनच्या राजवटींत राजधानींतील छापखान्यांची संख्या मर्यादित करण्यांत आली, तेव्हां तो लहान छापखाना बंद पडला आणि घरांत दारिद्र्य आलें. शिष्यवृत्त्या व परीक्षा ह्यांच्या जोरावर मिशले वर चढला. राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या ऐतिहासिक शाखेचा तो प्रमुख झाला, पुढें कॉलेज द फ्रान्समध्यें प्राध्यापक झाला. १८४६ सालीं त्यानें ‘लोक’ ह्याच नांवाचें पुस्तक लिहिलें, आणि लगेच क्रांतीच्या इतिहासाचे सात खंड १८४७ ते १८५३ ह्या काळांत सिद्ध केले.

मिशलेच्या इतिहासांत मिराबो, दांतों, रोबेस्पिएर हे येतात व जातात. टिकून राहतो तो समुदाय. पुरुषांनीं बास्तीय जिंकली आणि स्त्रियांनीं राजसत्ता जिंकली, अशी ऑक्टोबरच्या दिवसांची मांडणी त्यानें केली. त्याच्या लेखनांत भाबडेपणा आहे. जें उदात्त घडलें तें लोकांनीं केलें आणि जें हिडीस घडलें तें मूठभर माथेफिरूंनीं, अशी सोयीची वांटणी तो वारंवार करतो. परंतु दफ्तरांतील धुळीनें माखलेले कागद त्यानें स्वतः वाचले होते. पॅरिस शहराचें जुनें दफ्तर १८७१ च्या मे महिन्यांत आगींत भस्म झालें. त्यांतील कित्येक नोंदींचा मागमूस आज मिशलेच्या पानांतच उरला आहे. १८५२ सालीं लुई नेपोलियनशीं एकनिष्ठतेची शपथ घेण्याचें त्यानें नाकारलें आणि नोकरी घालविली. खिळे जुळविणाऱ्याच्या मुलाला ती नोकरी किती महाग पडली होती, हें ध्यानांत घेतां त्याचा भाबडेपणा सहज क्षम्य ठरतो.

दुसऱ्या टोकाला इपोलित तेन. १८७१ च्या कम्यूननंतर हादरलेल्या मनानें त्यानें आधुनिक फ्रान्सच्या उगमाचा इतिहास लिहावयास घेतला. १८७५ पासून त्याचे खंड निघूं लागले. त्यांतील जमाव म्हणजे साखळी तुटलेलें श्वापद, गुंड आणि भटक्यांची टोळी. विसाव्या शतकांत जॉर्ज लफेव्र आणि त्याच्यामागून जॉर्ज रूदे ह्यांनीं मिशले व तेन दोघांनाही बाजूस ठेवून पोलिसांच्या जुन्या नोंदी उघडल्या. पकडलेल्या माणसांचीं वयें, धंदे, पत्ते तेथें लिहिलेले होते. निष्पन्न असें झालें कीं, जमावांतील बहुतेक माणसें ठरल्या घरांत राहणारीं, धंदा असलेलीं होतीं. तीं देवदूत नव्हतीं कीं दरोडेखोरही नव्हतीं. एवढें साधें सत्य हातीं लागण्यास दीडशें वर्षें लोटावीं लागलीं, आणि तेंही लोकांना पकडणाऱ्यांच्याच वह्यांतून.

कादंबरीकारांची कसोटी १८४८ च्या जूनमध्यें लागली. फेब्रुवारींत राजा पळाला, प्रजासत्ताक आलें, सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळालें, बेकारांसाठीं सरकारी कर्मशाळा निघाल्या. चार महिन्यांत त्या कर्मशाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि पूर्व पॅरिसच्या गल्ल्यांत बॅरिकेडें उभीं राहिलीं. २३ ते २६ जून असे चार दिवस लढाई चालली. लोकांनीं निवडलेल्या सभेच्या हुकुमानें जनरल काव्हेन्याकनें लोकांवर तोफा डागल्या. हजारों मेले, हजारों पकडले गेले.

व्हिक्टर ह्यूगो त्या वेळीं सभेचा सभासद होता, आणि बॅरिकेडांपुढें जाऊन बंडखोरांस समजाविण्यासाठीं व हुकमाची अंमलबजावणी करविण्यासाठीं जे साठ प्रतिनिधि धाडले गेले त्यांत तोही होता. म्हणजे तो सैन्याच्या बाजूनें गेला. ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी त्यानें १८४५ सालीं दुसऱ्या नांवानें सुरू केली होती. १८४८ च्या धामधुमींत ती तशीच पडली. पुढें तो स्वतः लुई नेपोलियनच्या विरोधांत हद्दपार झाला, आणि गर्नझी बेटावर बसून त्यानें ती पुरी केली. १८६२ सालीं ती प्रसिद्ध झाली. कादंबरींतील बॅरिकेड १८३२ च्या बंडांतील आहे; गाव्ह्रोश हा रस्त्यावरचा पोर तेथेंच गोळ्या वेंचतां वेंचतां मरतो. पण शेवटच्या भागाच्या आरंभीं कथानक थांबवून ह्यूगो अकस्मात् १८४८ च्या दोन बॅरिकेडांचें वर्णन करूं लागतो. कथेला त्याची मुळींच गरज नाहीं. लेखकाला मात्र असावी. जमाव कधीं कधीं लोकांविरुद्ध लढतो, असा युक्तिवाद तो तेथें करतो. दडपावें लागलें पण आदरही वाटला, असें कांहींसें सांगूं पाहतो. तो युक्तिवाद पटत नाहीं. मात्र चौदा वर्षांनंतरही तो घाव भरला नव्हता, हें त्या पानांवरून पटतें.

फ्लोबेरनें असा खुलासा करण्याच्या भानगडींत न पडतां १८६९ च्या आपल्या कादंबरींत एकच प्रसंग लिहिला. तुइलरीच्या तळघरांत जूनचे कैदी कोंबलेले आहेत. एक तरुण गजाआडून पाव मागतो; पहाऱ्यावरचा म्हातारा जमीनदार रोक त्याला गोळी घालतो आणि घरीं जाऊन, आपल्याला फार त्रास झाला म्हणून, अंथरुणावर पडतो. मिशलेच्या सात खंडांत जें बसलें नाहीं तें फ्लोबेरच्या ह्या दोन पानांत बसलें आहे.

झोलाचा मार्ग वेगळा. ‘लासोम्वार’ ह्या १८७७ च्या कादंबरींत त्यानें पॅरिसच्या कामकरी वस्तींतील दारू आणि अधोगति दाखविली, तेव्हां त्यानें लोकांची बदनामी केली असें डाव्या पक्षाचेच टीकाकार म्हणूं लागले. लोकांचें चित्र काढावयाचें तर तें पूजेसाठींच असावें, ही अपेक्षा मिशलेपासून चालत आलेली. १८८४ च्या फेब्रुवारींत उत्तरेकडील आंझें येथें कोळशाच्या खाणींत संप चालू असतां झोला तेथें गेला, खाणींत उतरला, कामगारांच्या घरांत बसला, टिपणें केलीं. पुढच्याच वर्षीं ‘जेर्मिनाल’ निघाली. नांव क्रांतीच्या पंचांगांतील एका महिन्याचें, अंकुर फुटण्याच्या. पण त्याच जेर्मिनालच्या १२ तारखेस, म्हणजे १ एप्रिल १७९५ रोजीं, पॅरिसच्या भुकेल्या जमावानें पाव मागत राष्ट्रसभेंत प्रवेश केला होता. कादंबरींत संपकऱ्यांचा जमाव उघड्या माळावरून धांवत जातो तेव्हां त्यांच्या तोंडीं तीच मागणी आहे. खाणकामगारांनीं ही कादंबरी आपली मानली. ५ ऑक्टोबर १९०२ रोजीं मोंमार्त्रच्या स्मशानांत झोलाची अंत्ययात्रा गेली, तेव्हां खाणकामगारांची एक तुकडी ‘जेर्मिनाल! जेर्मिनाल!’ एवढाच शब्द घोकत मागून चालली होती.

१९०८ सालीं झोलाच्या अस्थि पांतेओंत नेऊन ह्यूगोच्या शेजारीं ठेवण्यांत आल्या. मिशले पेर लाशेझच्या स्मशानांत आहे. त्याच स्मशानाच्या पूर्वेकडील भिंतीशीं २८ मे १८७१ रोजीं कम्यूनचे १४७ सैनिक उभे करून गोळ्यांनीं मारले गेले, आणि दरवर्षीं मे महिन्यांत तेथें लोक फुलें घेऊन येतात.