ऑक्सिजनचे नाव आणि आम्लाची व्याख्या

मूलद्रव्यांच्या नावांमध्ये ऑक्सिजन हे नाव एका दृष्टीने विलक्षण आहे. ज्या सिद्धांतावरून ते पडले, तो सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याज्य ठरला. नाव मात्र टिकले. ग्रीक भाषेतील 'आंबट' व 'उत्पन्न करणारा' या अर्थांच्या शब्दांवरून बनलेले हे नाव 'आम्ल उत्पन्न करणारा वायू' असे सांगते. जर्मन भाषेने त्याचे शब्दशः भाषांतर केले आणि बंगालीने 'अम्लजान' हा शब्द घडविला. मराठीने श्वसनाकडे पाहून 'प्राणवायू' हा शब्द पत्करला, त्यामुळे हा प्रमाद मराठी संज्ञेत उतरला नाही. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, ही समजूत का निर्माण झाली आणि ती सोडण्यास इतका काळ का लागला, या प्रश्नांचा मागोवा घेतला म्हणजे आम्लाच्या व्याख्येचा इतिहास केवळ एकामागून एक आलेल्या व्याख्यांची यादी राहत नाही. आम्लता हे पदार्थात वसणारे एखादे द्रव्य आहे, की पदार्थाचे विशिष्ट वर्तन आहे, हा त्या इतिहासातील मूळ वाद होय.

सतराव्या शतकापर्यंत आम्लाची ओळख मुख्यतः जिभेवर अवलंबून होती. रॉबर्ट बॉइल याने १६६४ मध्ये रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाचा उपयोग वर्णिला. आम्लाने तो पाक तांबडा होतो व अल्काने हिरवा होतो, या निरीक्षणामुळे चवीच्या जागी डोळ्यांना दिसणारी कसोटी आली. पुढे १७५४ मध्ये फ्रान्समधील रूएल याने क्षाराची व्याख्या आम्ल आणि त्याला घनरूप देणारा 'आधार' यांचा संयोग अशी केली. इंग्रजी व फ्रेंच भाषांत आम्लारीसाठी रूढ असलेली 'बेस' ही संज्ञा या आधाराच्या कल्पनेतून प्रचारात आली. या दोन्ही प्रयत्नांत आम्ल काय करते हे सांगितलेले आहे. ते तसे का करते, याचे समाधानकारक उत्तर त्यांत नाही.

हे उत्तर देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लाव्हाझिए याने केला. गंधक व स्फुरद जाळले असता त्यांचे वजन वाढते, हे त्याने १७७२ मध्ये नोंदविले होते. ही वाढ हवेतील एका घटकाच्या संयोगाने होते आणि ज्वलनातून निघालेले पदार्थ पाण्यात विरघळले असता आम्ले मिळतात, हेही त्याला दिसून आले. नायट्रिक आम्लातही तोच घटक आढळला. या पुराव्यावरून त्याने त्या घटकाला आम्लतेचे मूलतत्त्व मानले व त्यास ऑक्सिजन हे नाव दिले. १७८७ मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यांसह रसायनशास्त्राची जी नवी परिभाषा प्रसिद्ध केली, तिची रचना बव्हंशी याच कल्पनेवर झाली. सिद्धांत आणि भाषा अशा रीतीने एकमेकांत गुंतली की सिद्धांताविषयी शंका घेणे म्हणजे परिभाषेविषयीच शंका घेणे ठरू लागले.

तथापि एक अडचण प्रारंभापासूनच होती. मीठ व गंधकाम्ल यांपासून मिळणाऱ्या म्युरिअॅटिक आम्लातून, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लातून, ऑक्सिजन वेगळा काढणे कोणासही साधले नव्हते. लाव्हाझिएने सिद्धांत बदलला नाही. १७८९ च्या आपल्या ग्रंथातील मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्याने 'म्युरिअॅटिक मूलक' या अद्याप अज्ञात असलेल्या पदार्थाला स्थान दिले. हे मूलक ऑक्सिजनला इतके घट्ट धरून आहे की ते सुटत नाही, असा त्यामागील तर्क होता. या तर्कास प्रयोगाचा आधारही मिळाल्यासारखा वाटला. शेले याने १७७४ मध्ये मिळविलेल्या हिरवट पिवळ्या वायूचा पाण्यातील विद्राव सूर्यप्रकाशात ठेवला असता ऑक्सिजन बाहेर पडतो व म्युरिअॅटिक आम्ल उरते, असे बेर्तोले याने १७८५ मध्ये दाखविले. त्यावरून तो वायू म्हणजे अधिक ऑक्सिजन असलेले म्युरिअॅटिक आम्लच, असा निष्कर्ष निघाला. वस्तुतः बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा होता. विशेष म्हणजे याच बेर्तोलेला १७८७ मध्ये प्रुसिक आम्लात कार्बन, नायट्रोजन व हायड्रोजन एवढेच घटक आढळले होते. पण हे आम्ल अत्यंत सौम्य असल्याने त्याचे आम्लत्वच संशयास्पद मानता येत होते, आणि एका अपवादासाठी नवी परिभाषा मोडण्यास कोणी तयार नव्हते.

या मताला पहिला मोठा धक्का आम्लांच्या नव्हे, तर अल्कांच्या अभ्यासातून बसला. हम्फ्री डेव्ही याने १८०७ मध्ये विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम हे धातू वेगळे केले, तेव्हा पोटॅश व सोडा यांत ऑक्सिजन असल्याचे सिद्ध झाले. आम्लतेचे मूलतत्त्व म्हणून गौरविलेले द्रव्य तीव्र अल्कांतही सापडले. मग त्याला अल्कतेचे मूलतत्त्वही म्हणता येईल, अशी टिप्पणी डेव्हीने केली. गे-ल्युसॅक व तेनार यांनी १८०९ मध्ये शेलेच्या वायूतून कोळशाच्या साहाय्याने ऑक्सिजन काढण्याचा प्रयत्न केला व तो निष्फळ ठरला. हा वायू मूलद्रव्य असू शकेल हे त्यांनी मान्य केले, परंतु प्रस्थापित मताकडेच आपला कल ठेवला. डेव्हीने १८१० मध्ये विद्युतघटमालेने श्वेततप्त केलेला कोळसा त्याच वायूत ठेवून पाहिला. वायूत कोणताही बदल झाला नाही. पुरावा जवळजवळ तोच होता, निष्कर्ष मात्र निराळा निघाला. ज्यातून ऑक्सिजन कधीच निघत नाही त्यात तो आहे असे मानण्यास आधार नाही, असे ठरवून डेव्हीने त्या वायूस मूलद्रव्य मानले व रंगावरून क्लोरीन हे नाव दिले. हे नाव घटनेविषयी कोणतेही मत सांगत नाही, हा त्याचा गुण होय. बर्झीलियससारख्या श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञास हे मत स्वीकारण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली.

ऑक्सिजनच्या जागी आता हायड्रोजन आला; पण केवळ द्रव्य बदलून प्रश्न सुटणारा नव्हता. मिथेनसारख्या अनेक पदार्थांत हायड्रोजन असूनही ते आम्ल नाहीत. आम्लता एखाद्या विशिष्ट द्रव्यावर नव्हे तर घटकांच्या मांडणीवर अवलंबून असावी, असा विचार डेव्हीने १८१५ च्या सुमारास मांडला होता. ग्रॅहॅमने १८३३ मध्ये फॉस्फरसच्या आम्लांवर केलेल्या संशोधनाचा आधार घेऊन लीबिख याने १८३८ मध्ये व्याख्या अधिक नेमकी केली: ज्यातील हायड्रोजनच्या जागी धातू येऊ शकतो ते आम्ल. येथे हायड्रोजन असणे पुरेसे नाही. त्याची जागा दुसऱ्यास घेता आली पाहिजे. द्रव्याच्या अस्तित्वाकडून वर्तनाकडे जाणारे हे पहिले स्पष्ट पाऊल म्हणता येईल.

लीबिखच्या व्याख्येवरून आम्लांच्या कमीअधिक तीव्रतेचा उलगडा होत नव्हता. तो अऱ्हेनियसच्या आयन-सिद्धांताने बव्हंशी झाला. उप्साला येथे १८८४ मध्ये सादर केलेल्या त्याच्या प्रबंधास निम्न श्रेणी मिळाली. १८८७ मध्ये त्याने सिद्धांत अधिक पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला आणि १९०३ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल व हायड्रॉक्सिल आयन देते ती आम्लारी, ही व्याख्या या सिद्धांतातून निघाली. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र का व व्हिनेगरमधील आम्ल सौम्य का, हे विचरणाच्या प्रमाणावरून कळू लागले. कोणतेही तीव्र आम्ल व तीव्र अल्क यांच्या विरल विद्रावांच्या उदासिनीकरणात दर मोलमागे सुमारे ५७ किलोजूल एवढीच उष्णता का निघते, याचेही उत्तर मिळाले. प्रत्येक वेळी घडणारी मूळ क्रिया पाणी तयार होण्याची असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन याने १९०९ मध्ये पीएच मापनश्रेणी मांडली, तेव्हा आम्लता आकड्यांत सांगता येऊ लागली.

परंतु अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू पाण्यावाचूनही संयोग पावून क्षार देतात, आणि अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट नाही. १९२३ मध्ये डेन्मार्कमधील ब्रॉन्स्टेड व इंग्लंडमधील लौरी यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे आम्लास प्रोटॉनदाता व आम्लारीस प्रोटॉनग्राही मानले. त्यामुळे पाणी अमोनियासमोर आम्ल ठरते, तर हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारी. याच वर्षी अमेरिकेतील लुइस याने इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारा पदार्थ म्हणजे आम्ल, अशी अधिक व्यापक कल्पना पुढे ठेवली. आम्लाची कल्पना हायड्रोजनपुरती मर्यादित करणे हे ऑक्सिडीकारकाची कल्पना ऑक्सिजनपुरती मर्यादित करण्याइतकेच अनिष्ट आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. लाव्हाझिएच्या सिद्धांताचा दोष हायड्रोजनच्या रूपाने पुन्हा येऊ नये, हाच त्या युक्तिवादाचा आशय होय.

माध्यमिक शाळेत या व्याख्या बहुधा क्रमाने सांगितल्या जातात आणि नंतरची आली की आधीची चुकीची ठरली, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः अऱ्हेनियसची व्याख्या जलीय विद्रावांच्या मर्यादेत आजही उपयोगी आहे. पुढील व्याख्यांनी तिची सीमा दाखवून दिली. लाव्हाझिएची गोष्ट निराळी आहे. त्याचा सिद्धांत प्रयोगाच्या विरोधात गेला, आणि तो टिकून राहिला तो न सापडलेल्या मूलकाच्या आधारे. सीमा असणे आणि असत्य असणे यांतील हा भेद शिक्षकाने स्पष्ट केला पाहिजे. मराठीतील 'आम्लारी' ही संज्ञा या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. 'आम्लाचा अरि' या अर्थाचा हा शब्द पदार्थात काय आहे हे सांगत नाही. तो कोणासमोर कसा वागतो एवढेच सांगतो. ऑक्सिजन या नावाने जे गृहीत धरले ते प्रयोगाने खोडून काढले. 'आम्लारी' या शब्दाला मात्र अऱ्हेनियसपासून लुइसपर्यंत कोणत्याही व्याख्येने बाधा आणलेली नाही.