दांपत्य समुपदेशन : कौशल्यप्रशिक्षण
पती-पत्नींमधील तुटलेला संवाद, कोणाचीही बाजू न घेता, पुन्हा सुरू करून देण्याचे कौशल्य. ते केवळ वाचनाने येत नाही. भूमिकाभिनय, चित्रमुद्रित सत्रांचे परीक्षण आणि अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख यांतून हळूहळू अंगी बाणते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा व अबोला ही दांपत्यनात्याला घातक अशी चार लक्षणे सांगितली. त्यांत तुच्छता सर्वांत विघातक; ती पुष्कळदा शब्दांआधी चेहऱ्यावर उमटते, म्हणून शिकाऊ समुपदेशकाची नजर तयार व्हावी लागते. मानसशास्त्रज्ञ स्यू जॉन्सन यांची भावनाकेंद्री पद्धत रागामागची भीती बोलती करते. मारहाण वा धाक असल्याची शंका येताच मात्र संयुक्त सत्र थांबवून प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे. येथे ढिलाई अक्षम्य होय. भारतात कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे.