नेपोलियनकालीन तोफखान्याच्या लघुप्रतिकृती : रंगनिश्चिती

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या आणि नेपोलियनच्या युद्धांतील (१७९२–१८१५) तोफा, तोफगाडे व दारूगोळ्याच्या गाड्या यांच्या छोट्या प्रतिकृतींना कालोचित रंग ठरविण्याची पद्धती. अशा प्रतिकृती मुख्यतः २८ मिमी., १५ मिमी. आणि १/७२ या प्रमाणांत शिशाच्या मिश्रधातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये तयार होतात आणि पटावरील युद्धखेळांसाठी वा मांडणीसाठी वापरल्या जातात. रूढ पद्धत सोपी आहे : ज्या देशाची तोफ, त्या देशाच्या नावापुढे दिलेल्या क्रमांकाची रंगाची बाटली उचलावी. फ्रान्सला ऑलिव्ह हिरवा, ब्रिटनला राखाडी, ऑस्ट्रियाला पिवळा आणि प्रशियाला फिका निळा ही यादी ढोबळमानाने बरोबरही आहे. मात्र त्या काळी कारखान्यातून ठरावीक छटेचा डबा येत नसे. शस्त्रागारात रंगद्रव्ये वजनाने मोजून जवसाच्या तेलात घोटली जात. त्यामुळे एकेका देशाचा ‘अचूक’ रंग म्हणजे एक छटा नव्हे, एक कृती होय. त्या कृतीतून जेवढ्या छटा निघू शकतात तेवढ्या ग्राह्य आणि जी छटा तिच्यातून निघूच शकत नाही ती त्याज्य, हा निकष क्रमांकांच्या यादीपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

या निकषाची गरज पुराव्याच्या स्वरूपातून निर्माण होते. तोफेची नळी टिकते, गाडा टिकत नाही. लाकूड कुजते, जळते किंवा सुट्या भागांसाठी मोडले जाते. पॅरिसमधील वांदोम स्तंभावरील कांसे ऑस्टरलिट्झच्या मोहिमेत (१८०५) जिंकलेल्या तोफांचे आहे. १८१२ च्या मोहिमेत रशियाच्या हाती पडलेल्या नळ्या मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये शस्त्रागाराच्या भिंतीलगत मांडलेल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी धातू जपला गेला. ज्यावर रंग असे तो लाकडी भाग मात्र गेला. संग्रहालयांत जे गाडे आढळतात त्यांपैकी बरेच नंतर दुरुस्त झालेले, पुन्हा रंगविलेले किंवा नव्याने बांधलेले आहेत. म्हणून त्यांचा आजचा पृष्ठभाग १८०९ चा साक्षीदार मानता येत नाही. चित्रांचे मोल अधिक आहे. लुई-फ्रांस्वा लझन हा चित्रकार स्वतः फ्रेंच सैन्यात अधिकारी होता आणि आल्ब्रेख्ट आडाम १८१२ मध्ये नेपोलियनचा सावत्र मुलगा युजेन याच्या सैन्यदलाबरोबर रशियात गेला होता. तरीही चित्रातील हिरवा हा चित्रकाराच्या रंगपाटीवरचा हिरवा असतो. त्यावर रोगण चढते, ते काळवंडते आणि छपाईत पुन्हा छटा बदलते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छंदिष्टांच्या हाती आलेली फुंकेन दांपत्याची वा फिलिप हेथॉर्नथ्वेट यांची पुस्तके प्राधान्याने गणवेशांसाठी वापरली गेली. बटणे आणि गळपट्ट्या यांच्याविषयी पानेच्या पाने उपलब्ध असताना तोफगाड्याची बोळवण बहुधा एका विशेषणावर झाली, ती यामुळेच.

कृतीकडून छटेकडे जाण्याचा मार्ग फ्रेंच हिरव्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. ग्रिबोव्हालच्या तोफखाना-पद्धतीतील (१७६५) आणि नंतरच्या, क्रांतिकालीन पंचांगावरून नाव पडलेल्या ‘वर्ष अकरा’ पद्धतीतील (१८०३) गाड्यांचा ऑलिव्ह रंग पिवळ्या मातीत (पिवडीत) काळा मिसळून साधतो, त्यासाठी हिरवे रंगद्रव्य लागत नाही. काजळीचा काळा पिवळ्यात मिसळला की निळसर झाक देतो आणि मिश्रण मळकट हिरवे दिसते. फ्रेंच नमुन्यांचा मोठा प्रभाव असलेल्या अमेरिकी सैन्याच्या एकोणिसाव्या शतकातील शस्त्रागार-पुस्तिकांतही ऑलिव्ह रंगात पिवळी माती मुख्य आणि काजळी अगदी अल्प असे प्रमाण आढळते. यातून दोन निष्कर्ष निघतात. काळ्याचे प्रमाण किंचित बदलले तरी छटा मोहरीसारख्या पिवळट हिरव्यापासून गडद तपकिरी हिरव्यापर्यंत सरकते, म्हणून एकाच तुकडीतील दोन गाडे वेगळे दिसणे स्वाभाविक आहे. उलट, पाचूसारखा किंवा निळसर हिरवा या मिश्रणातून निघत नाही. तसा रंग देणारे जंगाल महाग होते. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडले आणि त्याची हिरवी रंगद्रव्ये या युद्धांत सर्रास वापरात आली नव्हती. फ्रेंच गाड्यांना तजेलदार हिरवा देणारी मॉडेले म्हणूनच छटेच्या वादात नव्हे, रसायनाच्या पातळीवरच बाद होतात.

ब्रिटिश राखाडीविषयीचा जुना वादही याच रीतीने सुटतो. हा रंग निळा होता की निव्वळ राखाडी, असा प्रश्न विचारला जातो. सफेता (शिशापासूनचे पांढरे रंगद्रव्य) आणि काजळी यांचे मिश्रण स्वभावतःच थंड, निळसर दिसते. निळे रंगद्रव्य घालावेच लागत नाही. त्यामुळे ‘निळसर राखाडी’ व ‘शिशाचा रंग’ ही दोन्ही वर्णने एकाच मिश्रणाची असू शकतात. प्रशियाच्या बाबतीत मात्र खरे निळे रंगद्रव्य गृहीत धरावे लागते. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी शोधलेला प्रशियन निळा पांढऱ्यात मिसळला की फिका निळा मिळतो. पण जवसाचे तेल काळाने पिवळे पडते आणि निळ्यावर पिवळा चढला की हिरवट झाक येते. प्रशियन गाड्यांच्या वर्णनांत आकाशी ते हिरवट निळा एवढा पल्ला आढळला, तर त्याचा उलगडा वेगवेगळे नियम न कल्पिताही होतो. ऑस्ट्रियाचा पिवळा हा मातीचाच रंग आहे. ऑस्ट्रियन तोफखान्यातील लिख्टेनश्टाइनच्या सुधारणांतून (१७५३) आलेल्या गाड्यांना लिंबासारखा पिवळा न देता गेरूकडे झुकणारा, थोडा मंद पिवळा द्यावा.

रशियाचे गाडे हिरवे. छटेविषयी मतभेद आहेत. डेन्मार्कचे लाल. सॅक्सनीचे राखाडी आणि बव्हेरियाचे फिके राखाडी वा निळसर सांगितले जातात.

लोखंडी भाग – पट्ट्या, कड्या, चाकांच्या धावा – बहुतेक सैन्यांत काळे रंगवीत. सॅक्सनी आणि डेन्मार्क येथे ते पिवळे असल्याचे दाखले दिले जातात. मैदानी तोफांच्या नळ्या सर्वसाधारणपणे कांशाच्या असत. फ्रेंच प्रमाण १०० भाग तांब्याला ११ भाग कथील असे होते. अशा मिश्रणाचा ताजा रंग तांबूस सोनेरी असतो, पितळेसारखा लख्ख पिवळा नव्हे. वापरातील नळी तपकिरी होते. स्मारकांवर दिसणारा हिरवा थर अनेक वर्षे उघड्यावर राहिल्याने चढतो, म्हणून मोहिमेवरील तोफेला तो देणे चुकीचे ठरते.

जिंकलेल्या तोफा हा यादीवर विसंबणाऱ्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा विषय आहे. १८०९ मध्ये नेपोलियनने पायदळ पलटणींना पुन्हा तोफा दिल्या, त्या मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रियाकडून घेतलेल्या होत्या. निळ्या गणवेशातील फ्रेंच गोलंदाज पिवळ्या गाड्यापाशी दाखविणे हे त्यामुळे अज्ञानाचे लक्षण ठरत नाही. तोफा ताब्यात आल्यावर रंगविण्यास किती अवकाश मिळाला, यावर तो निर्णय अवलंबून ठेवावा : त्याच मोहिमेची मांडणी असेल तर पिवळा, पुढील वर्षांची असेल तर हिरवा अधिक संभाव्य.

क्रमांकाऐवजी कृती प्रमाण मानण्याच्या या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला प्रमाणाचा. सुमारे दीड मीटर व्यासाचे चाक १/७२ मध्ये जेमतेम दोन सेंमी.चे होते आणि एवढ्या लहान पृष्ठावर मूळ रंग अधिक काळा भासतो, म्हणून तो उजळावा लागतो. मग मूळ कृतीचा उपयोग काय? उत्तर असे की उजळणी कोठून सुरू करावी हे कृतीच सांगते. फ्रेंच ऑलिव्हमध्ये पिवळी माती वाढविली की रंग उजळूनही आपल्या जातीत राहतो. नुसता पांढरा मिसळला तर तो खडूसारखा, परका होतो. दुसरा आक्षेप धूळ व चिखलाचा : मैदानात सगळेच गाडे एकसारखे मळकट दिसत असतील. ते खरे असले, तरी मळ वरून चढतो. खालचा रंग चुकला असेल तर मळही त्याला वाचवीत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : छटा इतक्या बदलत असतील तर कोणताही रंग चालेल. तसे नाही. कृती पल्ला देते आणि त्याच वेळी सीमाही घालते. फ्रेंच गाडा मोहरी-हिरवा चालेल, पाचू-हिरवा चालणार नाही; ब्रिटिश गाडा निळसर चालेल, आकाशी चालणार नाही. उलट एका क्रमांकाचा आग्रह धरणाराच त्या काळाला नसलेला काटेकोरपणा त्याच्यावर लादतो.

गोलंदाजांचे गणवेश : फ्रेंच, ब्रिटिश व प्रशियन गडद निळे, ऑस्ट्रियन तपकिरी, रशियन गडद हिरवे.

भारतातील समकालीन लढायांना, विशेषतः असईच्या लढाईला (२३ सप्टेंबर १८०३, सध्याचा जालना जिल्हा), युरोपीय यादी जशीच्या तशी लावू नये. शिंद्यांच्या तोफखान्यावर युरोपीय पद्धतीचा प्रभाव असला तरी त्याचे गाडे येथलेच होते. ईस्ट इंडिया कंपनीही गाडे भारतात बांधवून घेई. कोलकात्याजवळील काशीपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना १८०१ मध्ये स्थापन होऊन १८०२ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. म्हणून असईच्या मांडणीत ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या तोफांना ब्रिटिश राखाडी देणे हे अनुमान मानावे, प्रमाण मानू नये.