देवाची करणी की माणसाची?

सकाळची प्रार्थना संपून मुले रांगेने वर्गात गेली, की मुख्याध्यापकाला घटकाभर निश्चिंत वाटते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा अनुभव मी रोज घेतला आहे. म्हणूनच आबरफानचा इतिहास वाचताना मन सकाळच्या सव्वानऊवर अडकून पडते.

आबरफान हे वेल्समधील मर्थिर टिडफिलजवळचे कोळसाखाणीचे गाव. खाणीतली टाकाऊ माती वरच्या डोंगरावर टाकली जाई. त्यातला सात नंबरचा ढीग तर झऱ्यावरच रचला होता. शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो खचला आणि काळ्या चिखलाचा लोंढा होऊन पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती. त्या दिवशी दुपारी शाळेला सुटी लागणार होती. खाणीतून वर आलेले बाप हातांनी चिखल उपसत राहिले. पण अकरानंतर एकही जीव जिवंत हाती लागला नाही.

वेल्सच्या खाणगावांत चॅपल म्हणजे नुसते प्रार्थनामंदिर नव्हे. वेल्श भाषा, रविवारची शाळा, समूहगायन या साऱ्यांचे ते घर. भजनी मंडळाच्या आधाराने मायबोली टिकलेली पाहणाऱ्या आपल्या सीमाभागाला हे वेगळे सांगायला नको. त्याच गावच्या बेथानिया चॅपलमध्ये मुलांचे देह ठेवले गेले आणि ओळख पटवण्यासाठी आईबाप दाराशी रांगेत उभे राहिले. पुढे ती वास्तू पाडून नवी बांधावी लागली. २७ ऑक्टोबरला ८१ मुलांचा सामुदायिक अंत्यविधी झाला. डोंगरउतारावर पुष्पचक्रांचा प्रचंड क्रूस मांडला होता.

अशा वेळी सांत्वनाला येणारा माणूस सहज बोलून जातो, ‘देवाची करणी!’ आपल्याकडे प्रारब्ध म्हणतात. सरकारी कोळसा मंडळाच्या अध्यक्षांनीही प्रथम अज्ञात झऱ्याकडे बोट दाखवले. पण तो झरा गावाला ठाऊक होता, नकाशावरही होता. मृत्यूच्या चौकशीत एका बापाने उठून मागणी केली, की माझ्या मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून कोळसा मंडळाचेच नाव नोंदवा. या मागणीत मला अश्रद्धा दिसत नाही. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाला सोयीस्कर कारणे चिकटवतात, आणि देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

७६ दिवसांच्या सुनावणीनंतर १९६७ मध्ये चौकशी आयोगाने दोष कोळसा मंडळावर ठेवला. तरीही कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. उलट, उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत मिळाले, तेही बिनव्याजी.

काहींची श्रद्धा या आघाताने कायमची गेली. काहींना तिनेच तगवले. एका धर्मोपदेशकाचा स्वतःचा मुलगा त्या शाळेत गेला होता; तरी तो गावकऱ्यांच्या दुःखात त्यांच्यासोबत राहिला. पुढे त्याच शोकातून गावात पुरुषांचा गायकवृंद उभा राहिला. कोणालाही उत्तर सापडले नव्हते; पण एकत्र गाता येत होते.

मला मात्र सर्वांत अधिक छळते ती एक छोटी नोंद. शाळेजवळ पाणी तुंबते, अशी तक्रार १९६५ मध्ये दोन मातांनी मुख्याध्यापिकेकडे दिली होती. बाईंनी ती नगरपालिकेपर्यंत पोहोचवली. दुर्घटनेत त्या बाईही गेल्या.

गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्या कार्यालयात आली. वर्गाच्या मागच्या भिंतीला ओल धरली आहे, म्हणाली. वरच्या कचेरीला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. पूर्वी मी तेवढ्यावर थांबलो असतो. या वेळी तो वर्ग रिकामा केला, मुलांना ग्रंथालयात बसवले आणि दुसरे पत्र लिहायला घेतले.