आधारपेशी, चेतासंस्थेतील

चेतासंस्थेतील चेतापेशींखेरीज इतर पेशींचे सामान्य नाव. रूढ परकी संज्ञा ‘ग्लिया’. रूडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये या पेशीद्रव्याचे नामकरण केले ते चेतापेशींना चिकटवून ठेवणारी खळ या अर्थाने, आणि मराठी संज्ञेतही तोच दुय्यमपणा उतरला. मेंदूत या पेशी चेतापेशींच्या दहापट असतात हे पाठ्यपुस्तकी विधान २००९ च्या मोजणीनंतर मागे पडले. प्रमाण जवळपास एकास एक आहे. मात्र त्यांचे महत्त्व संख्येवर ठरत नाही.

खरा निवाडा महाराष्ट्राच्या परिचयाचा कुष्ठरोग देतो. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये दाखवलेला जंतू हातापायांच्या नसांत प्रामुख्याने श्वान पेशींत, म्हणजे नसांतील आधारपेशींत, मुक्काम करतो. या पेशींभोवतीच्या आवरणातील लॅमिनिन या प्रथिनाला तो चिकटतो, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. तो थंडाव्यात वाढतो, म्हणून कोपराजवळ त्वचेलगत धावणारी नस वारंवार तडाख्यात सापडते. बोटे वाकडी होतात ती त्यामुळे. श्वान पेशीचे काम मेदाचे वेष्टण गुंडाळण्यापुरते असते, तर वेष्टण नसलेले तंतू बचावायला हवे होते. उलट उष्णता व वेदना वाहणारे, बहुतांशी असेच उघडे किंवा पातळ वेष्टणाचे तंतू लवकर निकामी होतात आणि चट्टा बधिर पडतो. तंतूचा पेशीदेह मणक्याजवळ, बोटापासून हातभराहून दूर. वाटेतले पोषण बऱ्याच अंशी शेजारच्या पेशीने पुरवायचे, हा अर्थ त्यातून निघतो. मुंबईत नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये या नसांच्या हानीचा दीर्घकाळ अभ्यास झाला. श्वान पेशींना दिलेल्या या महत्त्वावर आक्षेप असा की, हानी श्वान पेशी नव्हे तर रोगप्रतिकारक भक्षकपेशी करतात; झेब्राफिशवरील २०१७ च्या प्रयोगात तसेच दिसले. परंतु तो प्रयोग संसर्गाच्या आरंभाचा आहे. माणसात जंतू वर्षानुवर्षे दडतो तो श्वान पेशीत, आणि प्रतिकाराचा हल्ला नसेवर ओढवतो तो बव्हंशी त्यामुळेच. म्हणून हा आक्षेप मारेकरी बदलतो, घटनास्थळ नाही. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, गेलेली संवेदना मात्र बहुधा परतत नाही.

मेंदूतील तारकापेशी नावाच्या आधारपेशी चेतापेशींभोवती साचणारे पोटॅशियम शोषून घेतात, हे १९६६ च्या प्रयोगांनंतर स्पष्ट होत गेले. अपस्माराच्या संशोधनात त्यांना आता स्थान आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी वारले, तेव्हा वैद्यकाचा मुख्य रोख चेतापेशींवर होता.