घामाच्या डागाची साक्ष

सन २००८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २६ तारखेस मुंबईवर हल्ला करणारे दहा जण 'कुबेर' नांवाच्या मासेमारी नौकेंतून मुंबईजवळ आले. नौकेचा तांडेल त्यांनीं ठार केला. त्यामुळें त्या प्रवासाची हकीकत सांगण्यास नौकेवर कोणी उरलें नव्हतें. मागें राहिले ते कांहीं कपडे व किरकोळ वस्तु. त्यांवरील घामाच्या अंशांतून मिळालेला डीएनए हल्लेखोरांच्या डीएनएशीं जुळला. अनेक पुराव्यांपैकीं हा एक पुरावा २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.

ही जुळणी होते कशी? डीएनएच्या धाग्यांत ठराविक जागीं एकच लहानसा भाग पुनःपुन्हा आलेला असतो. त्या आवर्तनांची संख्या माणसागणिक बदलते. म्हणून तेथील तुकड्यांची लांबीहि बदलते. अशा अनेक जागांच्या लांब्या जुळल्या म्हणजे ओळख पटते. तेव्हां मुख्य काम तें तुकडे लांबीप्रमाणें वेगळे करण्याचें.

ह्या पद्धतीस विद्युत्-संचारण, किंवा प्रयोगशाळेच्या बोलींत इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणतात. स्वीडनमधील उप्साला येथें आर्ने टिसेलियस ह्यांनीं १९३७ सालीं विजेच्या योगानें रक्तरसांतील प्रथिनें वेगळीं करून दाखविलीं. १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु एक अडचण होती. विजेचा दाब वाढवावा तर द्रव तापे, आणि तापलेल्या द्रवांत हालचाल उठून वेगळें झालेलें पुन्हां मिसळे. त्यांचे शिष्य स्टेलान येर्टेन ह्यांनीं १९६७ सालीं नळी सतत फिरती ठेवून त्यावर उपाय केला. पुढें १९८१ सालीं अमेरिकेंतील जॉर्गेन्सन व लुकाक्स ह्यांनीं नळीच केशासारखी केली. तिची पोकळी अवघी ७५ मायक्रोमीटर, म्हणजे भिवंडीच्या यंत्रमागावर चालणाऱ्या सुताहूनहि बारीक! इतक्या अरुंद नळींतील उष्णता तत्काळ बाहेर पडते; त्यामुळें ३० हजार व्होल्टपर्यंत दाब देतां आला, आणि तासांचें काम मिनिटांवर आलें.

डीएनएचे लहानमोठे तुकडे मोकळ्या द्रवांत जवळजवळ एकाच वेगानें धांवतात. म्हणून केशनलिकेंत दाट बहुवारिकाचा द्राव भरतात. त्याच्या जाळ्यांतून आंखूड तुकडा आधीं निसटतो, लांब मागाहून येतो. शेवटीं लेसरचा किरण तुकड्यांस लावलेला रंग टिपतो.

मात्र नळी सांगते ती केवळ तुकड्याची लांबी. तो डाग तेथें केव्हां व कसा पडला, हें ठरविण्यास चोख पंचनामा, जपून ठेवलेला मुद्देमाल आणि न्यायाधीशाचा विवेक हीं लागतातच.