धाव, ग्रीस आणि गोडं पाणी

पनवेलचं नाव एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी होतं. घाटावरून उतरणारा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जातो, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. खाडीच्या खाऱ्या हवेत गंज चढे तो तिच्यावर.

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी आपल्याकडे रुळली. माझे वडील पनवेलच्या गॅरेजात अशाच जीपा दुरुस्त करत. काशीद-मुरूडच्या पुळणीवरून आलेली गाडी ते आधी खड्ड्यावर घेत. स्प्रिंगच्या पाट्यांमधली, चासीच्या पोकळीतली वाळू पाइप लावून गोड्या पाण्याने धुऊन काढत. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वरून कोरड्या दिसणाऱ्या गाडीतही गंज चालूच राहतो. हे त्यांनी मला चासीवर हातोडी मारून शिकवलं: निरोगी लोखंड खणखणतं, गंजाने खाल्लेलं बद्द वाजतं. गाडी वाळली की पाट्यांना तेल, सांध्यांना ग्रीस. ब्रेकला मात्र तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही.

पुळणीवरून आलेली गाडी आजही मी न धुता रात्रभर ठेवू देत नाही.